वऱ्हाडाचे दगड

माझं लग्न ठरत होतं तेव्हा चौसाळ्याच्या मावशीनं आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्या गावात कावून देती गं पोरगी? तिथं पाणी बी न्हाई आन् माया बी न्हाई." पाणी नव्हतं हे खरंच होतं. बीडच्या शिरूरकडचा तो माळ, नुसता मुरूम आणि कुसळं. पण माया नाही असं म्हणायला एक गोष्ट कारणीभूत होती, आणि ती अख्ख्या पंचक्रोशीला तोंडपाठ होती.

गोष्ट अशी. कोण्या एके काळी भर उन्हाळ्यात एक वऱ्हाड आमच्या माळावरून चाललं होतं. नवरी तहानेनं कासावीस झाली. वऱ्हाडानं गावात पाणी मागितलं, गावानं दिलं नाही. नवरीनं तळतळाट दिला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. पुरावा हवा असेल तर माळावर जाऊन बघा, सात-आठ दगड उभे आहेत, माणसाच्या छातीएवढे, घडवलेले, एका ओळीत. कुणी आणून लावले, कशासाठी लावले, कुणालाच माहीत नाही. म्हणून मग तेच वऱ्हाड. आणि आमच्या गावात पाऊस पडत नाही तोही त्याच शापानं.

या गोष्टीवरून आमच्या माणसांनी जे टोमणे खाल्ले त्याला हिशोब नाही. बाजारात, एसटीत, सोयरिकीच्या बैठकीत, सगळीकडे. माझ्याच लग्नानंतर माहेरची माणसं पहिल्यांदा आली ती पाण्याचे दोन जार घेऊन. माझा चुलतभाऊ दारातच मोठ्यानं म्हणाला, "आमचं पाणी आमी आणलंय पाव्हणं, आमाला दगड व्हायचं न्हाई." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक जार उचलला, अंगणात बैलांपुढच्या घमेल्यात भडाभडा ओतला, आणि आत येऊन माझ्या भावाला आपल्या रांजणातलं पाणी तांब्याभर दिलं. तो निमूट प्यायला. मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत बसलेले, पण मला त्या बाईचा तेव्हाच अभिमान वाटला होता.

तरी त्या स्वतः ती गोष्ट खरी मानत. नव्या नवरीला माळाच्या वाटेनं आणायचं नाही, असा गावाचा रिवाज. माझीही गाडी लांबच्या वळणानं आणली होती. दुसऱ्या गावची वरात तिथून जायची झालीच, तर वऱ्हाडी उतरत, प्रत्येक दगडावर तांब्याभर पाणी ओतत आणि नजर लागू नये म्हणून ओल्या चुन्याचं बोट लावत. पिढ्यान्पिढ्या बोटं लावून लावून दगडांवर चुन्याचा हा एवढा थर साचला होता. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, खरंच असं झालं आसंल का हो?" त्या म्हणाल्या, "झालं नसतं तर लोक बोलले असते का? आन् तू त्या वाटंला जाऊ नको." विषय संपला.

माझा स्वभाव जरा वाकडा आहे. खोटं मला ऐकवत नाही, आणि खरं असेल तर ते तोंडावर ऐकायची माझी तयारी असते. पण हे खरं की खोटं तेच कळायला मार्ग नव्हता. मी बारावी पास झालेली, आणि बारावी पास होऊन दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर बैलगाडी जुंपून कारखान्यावर ऊस तोडायला जाणारी. तिथल्या फडात दुसऱ्या गावच्या टोळ्या असत. मोळी बांधता बांधता त्या बाया विचारायच्या, "तुमच्या गावात मेल्यावर तरी तोंडात पाणी घालतेत का गं?" मी उत्तर देऊन त्यांची तोंडं बंद करायचे, पण रात्री पाचटाच्या कोपीत पडल्यावर ते मला लागायचं. जे गाव मी निवडलं नव्हतं त्याची लाज मी का वाहायची? आणि वाहायचीच असेल तर ती खरी तरी असावी.

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ आम्हाला नवा नाही, पण त्या वर्षी कारखान्यांनाच ऊस नव्हता. तोडायला बोलावणार कोण? थोडे दिवस जाऊन आम्ही परत आलो. घरात दोन माणसं, दोन बैल, एक गाय आणि सासूबाई. माणसं कशीही जगतात हो, डोळ्यांदेखत जनावर उपाशी बघवत नाही.

गावच्या सोसायटीचे चेअरमन तेव्हा आमच्याकडचे सगळ्यात मोठे जमीनदार होते. राजकारणातली असामी. पांढरे कडक कपडे, मोठा आवाज, आणि आपलं ते खरं करायची सवय. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मला ते फारसे आवडत नसत, पण एक गोष्ट मान्य करावीच लागेल. वरून मंजुरी येईल तेव्हा येईल म्हणत त्यांनी सोसायटीच्या जोरावर जनावरांची छावणी उघडली. टँकर जाईल अशी मोकळी जागा एकच होती. माळ. तेच ते दगड.

गावात चुळबूळ झाली. वऱ्हाडाच्या जागेवर गुरं बांधायची? सासूबाई दोन दिवस हटून बसल्या. तिसऱ्या दिवशी गाईनं सकाळपासून बसकण मारली ती उठेचना. तेव्हा त्या न बोलता उठल्या, गाईला शेपटीकडून हात देऊन उभी केली आणि दावं धरून माळाकडे चालू लागल्या. मी मागं बैल घेऊन. गुरापुढं शाप केवढासा?

पुढचे कितीतरी महिने आम्ही त्या माळावर काढले. जुन्या साड्या आणि हिरव्या जाळीच्या सावल्या, तीन दगडांच्या चुली, सकाळी वैरणीच्या ट्रॅक्टरमागं पळणं, टँकर आला की हौदाभोवती गलका. गंमत म्हणजे ज्या गावांनी आम्हाला आयुष्यभर टोमणे मारले, त्याच गावांची गुरं आठवडाभरात आमच्या दारात. आमच्यातल्या एकानं हौदापाशी त्यांना अडवलं, "आपापलं पाणी आणा म्हणावं ह्यांना, दगड होतेल न्हाई तर!" आबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "जनावराला गाव नसतं बे. सोड त्यांना आधी." त्या दिवशी मी आबांबद्दलचं माझं मत थोडं बदललं.

माळाची जमीन इतकी टणक की खुंटी ठोकली तर खुंटीच वाकायची. मग कुणीतरी पहिल्यांदा भीत भीत एका दगडाला दावं बांधलं. काही झालं नाही. मग सगळ्यांनी बांधली. आमची गाय ओळीतल्या कडेच्या दगडाला. जनावराला मान खाजवायला काहीतरी लागतंच. गाई, बैल, म्हशी दिवसभर त्या दगडांना माना घासत उभ्या राहत. चुन्याचा थर आधी भेगाळला, मग त्याचे पापुद्रे पडायला लागले.

एका सकाळी शेण भरताना माझं लक्ष गेलं. आमच्या गाईच्या मानेशेजारी दगडात दुसरी गाय होती.

मी खाली बसले. खराट्याच्या काडीनं चुना खरवडला. एक गाय नव्हे, ओळीनं गाई. शिंगं मागं वळलेली, गळ्याखालची कातडी लोंबती, एकीच्या पोटाखाली वासरू. गाईंच्या पायाशी एक माणूस आडवा पडलेला. त्याच्या वर एक पट्टी, आणि पट्टीच्या वर आणखी कोरलेलं. मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, म्हणाला, "आयला, हे तर खिल्लार हाय," आणि वैरण आणायला निघून गेला. त्याला बैलापलीकडचं काही दिसत नाही, पण जे दिसतं ते बरोबर दिसतं.

त्यानंतर मला नाद लागला. दुपारी छावणीत काही काम नसे. मी एकेका दगडापाशी बसायचे आणि ओल्या फडक्यानं, काडीनं, नखानं चुना काढायचे. टँकरचं पाणी दगडाला घालवायची माझी छाती नव्हती, म्हणून भांडी धुतलेलं पाणी वापरायचे. हळूहळू बाया जमायला लागल्या. छावणीत दुसरी करमणूक तरी काय होती!

जवळपास सगळ्या दगडांवर चित्रांचे मजले होते. तळाला गाई आणि आडवा माणूस. त्याच्या वरच्या मजल्यावर तोच माणूस उभा, हातात ढाल-तलवार, समोर दोघं-तिघं. त्याच्या वर तो मधे आणि दोन्ही बाजूंनी दोन बायका त्याला धरून नेतायत, अंगावर दागिने, डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी. सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, शेजारी एक दाढीवाला. आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य.

आता यावरून बायांनी काय काढावं? "ही बघ नवरी!" एकीनं दागिनेवाल्या बाईवर बोट ठेवलं. "दुसरी करवली." "आन् हा दाढीवाला भट, लग्न लावतोय." म्हणजे वऱ्हाडच की! गोष्ट खरीच ठरली. सासूबाई लांबून बघत होत्या, त्यांनी मान हलवली. माझं मन एकदम खट्टू झालं.

"मग गाई कशाला?" मी विचारलं.

"आंदण दिल्या आसतेल."

"आन् तलवार?"

"नवरदेवाच्या हातात कट्यार नसती का?"

"आन् हा आडवा कोन पडलाय? नवरदेव लग्नात झोपतो का?"

"पिला आसंल," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या इतक्या हसल्या की म्हशी बिचकल्या. मीही हसले. पण माझ्या डोक्यातून तो आडवा माणूस जाईना. प्रत्येक दगडावर नवरदेव आडवा पडलेला असेल तर ते वऱ्हाड कसलं? आणि प्रत्येक दगडाला वेगळा नवरदेव? मी ओळीच्या शेवटापर्यंत गेले तेव्हा आणखी दोन कोडी निघाली. एका दगडावर माणूसच नव्हता, फक्त काटकोनात वाकलेला एक हात, कोपरापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. आणि एका दगडावर तळाला दोन गाई कोरून वरची सगळी जागा कोरी सोडलेली.

हे चाललेलं असतानाच आबा माळावर आले, बरोबर एक गवंडी. सोसायटीचं गोडाऊन मंजूर झालं होतं आणि पायासाठी दगड लागणार होता. गवंडी टेपानं दगड मोजायला लागला. मी शेणाच्या हातांनीच पुढं झाले.

"आबा, हे काय करायलेत?"

"पायात घेतो हे. घडीव दगड हाय, फुकट पडलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई, तुला न्हाई कळायचं. बीडला बँकेच्या मिटिंगला गेलो तरी लोक मला आधी पाण्याचा गिलास दावितेत आन् हासतेत. माझ्या बापानं बी हेच सोसलं. हा डाग एकदाचा पायाखाली गाडून टाकतो. पोळा झाला की जेसीबी येतोय."

मला वाटलं होतं हा माणूस दगड फुकट मिळतो म्हणून आलाय. त्याच्या पोटात तेच दुखत होतं जे माझ्या पोटात दुखत होतं. औषध मात्र उलटं. त्याला ते पुरायचं होतं, मला ते वाचायचं होतं.

"आबा, वऱ्हाड न्हाई हे. मला तरी तसं वाटतंय."

"मग काय हाय?"

"ते मी शोधून सांगते," मी म्हणाले. ते गेले.

माझा धाकटा भाऊ अंबाजोगाईला कॉलेजात होता. मी फोन केला, "तुमच्यात कुणी जुन्या दगडांचं शिकवणारं हाय का?" अंबाजोगाईत जुन्या मूर्ती आणि मंदिरं पावलोपावली, त्यामुळे असा माणूस असणारच असा माझा हिशोब. तो चुकला नाही. भाऊ एका रविवारी मोटारसायकलवर इतिहासाच्या सरांना मागं बसवून घेऊन आला. डोक्याला रुमाल बांधलेले, घामाघूम झालेले भले गृहस्थ. चहासुद्धा न घेता ते दगडांपाशी गेले आणि पहिल्या दगडापुढं मांडी घालून बसले, शेण बघितलं नाही की मूत.

"वीरगळ आहेत," ते म्हणाले. "सगळे. अहो, केवढी मोठी ओळ आहे ही!"

मग त्यांनी सगळ्या बायाबापड्यांना गोळा करून खालून वर बोट नेत सांगितलं. पूर्वी गावावर धाड पडायची, ती सोन्यासाठी कमी आणि गुरांसाठी जास्त. गुरं गेली की गाव मेलं. मग गावातले कुणीतरी धावून जात आणि लढत. जो गाई सोडवताना पडला त्याच्या नावानं गाव असा दगड उभा करी. हा तो पडलेला. हा लढतोय. ह्या नवऱ्या नव्हेत, अप्सरा आहेत, त्याला स्वर्गात नेतायत. वर तो शिवापुढं बसलाय. आणि चंद्र-सूर्य यासाठी की ते असेपर्यंत याची आठवण राहावी.

 त्या दिवशी "पिला आसंल" म्हणालेली बाई पदर तोंडाला लावून उभी होती.

बांगड्यांच्या हाताबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, "सतीचा हात. त्या वीराची बायको." सगळ्यांनी हात जोडले. मी नाही जोडले. मला त्या हाताचा राग आला नाही, तिला चितेवर पाठवणाऱ्यांचा आला, आणि तो अजूनही आहे. पण त्या दगडावरचा शेवटचा चुना मीच काढला, बांगडी न् बांगडी मोकळी केली. निदान तिला आता कुणी गोष्टीतली नवरी म्हणणार नव्हतं. कोऱ्या दगडाचं कोडं सरांनाही सुटलं नाही. कोरणाराच मधेच गेला असेल, किंवा गावच उठलं असेल, माहीत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. नावं कुठंच नव्हती.

सर गेले आणि गावात दोन तट पडले. "परक्या मान्सानं सांगितलं म्हनून बापजाद्यांचं खोटं ठरतं का?" हा एक. "उद्या सरकार यील, तार मारील, गायरान अडकवील, मग छावणी कुठं लावता?" हा दुसरा, आणि हा अगदीच वेडगळ नव्हता. आबांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेसीबी सांगितलाय." बस्स.

त्या दिवसांत मी चिडून चिडून अर्धी झाले. नवरा म्हणाला, "तुला काय करायचंय, दगड हायेत." मी म्हणाले, "मला आपल्या गावात नांदायचंय, म्हनून करायचंय." 

सासूबाई मात्र विचित्र वागत होत्या. सर आले त्या दिवसापासून त्या माझ्याशी दगडांबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण दुपारी सगळे आडवे झाले की त्या आमच्या गाईच्या दगडापाशी जाऊन बसायच्या. एकदा मी बघितलं, त्या कोरलेल्या वासराच्या पाठीवरून बोट फिरवत होत्या.

पोळा आला. आमच्या गावाचा पोळा म्हणजे मानाचा पोळा. वेशीत तोरण बांधायचं, त्याखालून पहिली जोडी आबांच्या घरची जाणार, मग बाकीचे, आणि मारुतीला फेरी. त्या पहिल्या मानावरून भावकीत काठ्या निघाल्या आहेत, डोकी फुटली आहेत, कोर्टाच्या पायऱ्या झाल्या आहेत. पण मान आबांच्या घरानं सोडला नाही तो नाही.

त्या वर्षी बैल माळावर, आणि मारुती खाली गावात. हाडं निघालेल्या बैलांना तेवढं चालवत नेऊन परत आणायचं कुणाच्या जिवावर येईना. तरी खांदेमळण आम्ही सोडली नाही. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तेल चोळलं आणि दर वर्षीसारखं त्यांच्या कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." जेवायला काय घालणार होतो, आमचं आम्हाला माहीत. सकाळी ओल्या फडक्यानं बैल पुसले, शिंगांना गेरू लावला, चिमूटभर गुळाची का होईना पोळी केली. दोन बांबू रोवून तोरण बांधलं. आबा नवा पटका बांधून आले, त्यांची जोडी झूल घालून पुढं उभी राहिली. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तोरण झालं. फेरी कुणाला?

"मारुतीचं नाव घिऊन तोरणालाच फेरी मारू," कुणी म्हणालं.

तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. हातात त्यांचा स्वतःचा पिण्याचा तांब्या होता. छावणीत माणशी मोजून पाणी मिळे, तो तांब्या म्हणजे त्यांची दिवसभराची तहान. त्यांनी तो पहिल्या दगडावर ओतला. वऱ्हाडी ओततात तसा घाईनं नव्हे, तर देवाला आंघोळ घालतात तसा, हातानं चोळत. मग तळाच्या माणसाला हळदीचं बोट लावलं, पोळीचा तुकडा ठेवला, आणि तिथंच उभं राहून सगळ्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर न ढळू देता म्हणाल्या,

"फेरी ह्यांना. मी चाळीस वर्सं ह्यांना शापाचं वऱ्हाड म्हनत आले. बाया कुनी कशा बी कोरल, पर हे वासरू बघा. गाईच्या पोटाखाली कसं घुसलंय बघा. हे ज्यानं जपलं तो पान्याला न्हाई म्हनणाऱ्या गावचा नसतो. आपलीच मान्सं हायेत ही. गुरामागं मेलेली."

मी आयुष्यात एवढी ताठ बाई बघितली नाही. मी मोठ्यानं रडले, लपवलं नाही.

आता सगळं आबांवर होतं. पोळ्याची फेरी ज्याला पडली तो देव झाला, मग त्याला पायात गाडायची कुणाची हिंमत? म्हणजे आबांची जोडी हलली की जेसीबी परत जाणार, हे तिथल्या लहानथोर सगळ्यांना कळत होतं.  आबा एका दगडापाशी गेले, वाकले, तो आडवा माणूस बघितला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही.

"आमच्या घरानं मानापायी डोकी फोडली," ते म्हणाले. नेहमीचा मोठा आवाज नव्हता. "गुरांपायी एक बी मेला न्हाई. मेले ते हे." त्यांनी डोक्यावरचा नवा पटका सोडला आणि पहिल्या दगडाला गुंडाळला. "पयला मान ह्यांचा. माझी जोडी शेवटी."

आणि मग एक भलतंच झालं. ज्या मानासाठी काठ्या निघाल्या होत्या तो मोकळा पडला, आणि घ्यायला कुणी पुढं येईना. भावकीतले आबांचे वैरी, त्यांच्याही जोड्या सजून उभ्या, पण कासरा कुणी हलवीना. "तुमी व्हा म्होरं." "न्हाई, तुमी व्हा." असं आमच्या गावात मी पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटी आबांनीच शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्याला हात धरून पुढं आणलं, जो आपल्या एकुलत्या बैलाला घेऊन मागं कोपऱ्यात उभा होता, कारण परगावच्या पोळ्यात आपलं काय काम असं त्याला वाटत होतं. त्याचा बैल तोरणाखालून पहिला गेला. मग सगळे. पडलेल्या वीरांना, बांगड्यांच्या हाताला, कोऱ्या दगडालासुद्धा, सगळ्यांना फेरी पडली. सगळ्यात शेवटी बोडक्या डोक्यानं आबा, सगळ्या गावाच्या बैलांची धूळ अंगावर घेत.

दोन दिवसांनी जेसीबी आला तो आलाच. निरोप द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ड्रायव्हर नवखा, लांबच्या गावचा. मी वैरण टाकत होते, आबा हौदापाशी उभे होते. त्यानं मशीन बंद न करताच वरून ओरडून विचारलं, "चेअरमन, ते उपटायचे दगड हेच का?"

आबा ताडताड चालत मशीनपुढं जाऊन उभे राहिले.

"दगड कुनाला म्हनतो बे?" ते म्हणाले. "खाली उतर आधी, चप्पल काढ. आमची मान्सं हायेत ती."